शेतकरी ओळख क्रमांक : वेगवेगळी खाती एका नावाखाली कशी आणावीत?



लागवडीची नोंद द्यायला गट कार्यालयात येणारी मंडळी हल्ली बेण्याची आणि खताची चौकशी कमी करतात, मोबाईलवर आलेल्या संदेशाची जास्त. पी. एम. किसानचा नंबर वेगळा, महाडीबीटीचा वेगळा, पीकविम्याचा अर्ज क्रमांक वेगळा, ई-पीक पाहणीचं खातं आणखी वेगळं; मग त्यात हा शेतकरी ओळख क्रमांक कशाला, असा सवाल येतो. सवाल रास्त आहे. ही निरनिराळी दारे एकाच चावीने उघडावीत म्हणूनच हा क्रमांक काढलेला आहे. मात्र आपली जमीन त्यात आपोआप गोळा होत नाही. जेवढी आपण जोडू तेवढीच त्यात दिसते. बहुतेक घोटाळा इथेच होतो, म्हणून हा लेख.

अडचणीचे मूळ मोबाईलच्या आधीचे आहे. गाव नमुना आठ-अ हा त्या त्या गावापुरता असतो. एखाद्याची थोडी जमीन गेवराई तालुक्यात, थोडी माजलगावकडे आणि वडिलोपार्जित एक पट्टी तिसऱ्याच शिवारात असली, तर महसूल दप्तरी तो तीन निरनिराळ्या खाते क्रमांकांचा धनी होतो. तिन्हीकडचा माणूस एकच, हे दप्तराला कळत नाही. तलाठी आप्पांना माणूस तोंडाने ओळखू यायचा तोवर निभावले. संगणकाला तोंडओळख नसते, त्याला क्रमांक लागतो. आपल्या कारखान्याचेच घ्या ना. ऊस दोन गटांत नोंदवला तरी सभासद क्रमांक एकच, त्यामुळे बिल एका नावावर निघते आणि सोसायटीची वसुलीही एकाच जागी लागते. तसेच हे.

केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२४ रोजी डिजिटल कृषी अभियानाला मंजुरी दिली. त्यातल्या ॲग्रिस्टॅक या योजनेत शेतकरी, त्याचे पीक आणि गावनकाशा अशी तीन दप्तरे एकमेकांना जोडायची आहेत. आपल्या राज्यात १६ डिसेंबर २०२४ पासून गावोगाव शिबिरे भरली आणि १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांसाठी हा क्रमांक सक्तीचा झाला. खरीप २०२५ पासून पीकविम्यालाही तो लागतो. आता तारखा पाहा. डिसेंबर ते एप्रिल म्हणजे ऐन गळीत हंगाम. आपल्या बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे त्या दिवसांत कोयता घेऊन कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे फडात असतात. त्यांच्या नावावरही एक-दोन एकर कोरडवाहू आहेच. गावात शिबिर झाले तेव्हा घराला कुलूप होते. अशांपैकी कोणी शेजारी असेल तर हा अंक त्याला जरूर वाचून दाखवावा.

नोंदणी करताना आधार क्रमांकावरून माणूस पटवला जातो, सातबारा आणि आठ-अ वरून जमीन पटवली जाते आणि दोहोंची गाठ मारली जाते. ही गाठ मारताना जिल्हा, तालुका, गाव आणि खाते क्रमांक निवडावा लागतो. केंद्रावर गर्दी असते. पहिल्या गावाचे खाते दिसले की चालक पुढचे बटण दाबतो, आपणही "झालं का?" म्हणून उठतो. दुसऱ्या गावची जमीन राहून जाते. क्रमांक तर मिळालेला असतो, त्यामुळे काही राहिले आहे असे ध्यानातही येत नाही. म्हणून सर्व गावांचे आठ-अ सोबत न्यावेत, एकेक खाते जोडले गेले का ते स्वतः पाहावे, आणि शेवटी पडद्यावरचे एकूण क्षेत्र आपल्या हिशेबाशी ताडून पाहावे. समजा तीन गावांचे मिळून २ हेक्टर ४० आर भरायला हवे आणि दिसते १ हेक्टर १० आर, तर उठू नये. जमीन राज्यातल्या दुसऱ्या जिल्ह्यात असली तरी ती याच क्रमांकात जोडायची असते. तिच्यासाठी दुसरा क्रमांक काढू नये. ज्यांना क्रमांक मिळून वर्ष झाले त्यांनीही एकदा जोडलेले गट तपासावेत. राहिलेले नंतर जोडता येतात.

नावाचा प्रश्न मराठवाड्यात जरा जास्त आहे. आपले दप्तर निजामी अमलातून आलेले. सेतवार, खासरा पत्रक असे करत ते सातबारावर उतरले. जुन्या नोंदीत आडनाव कित्येकदा नसतेच, 'ज्ञानू पि. बाबा' एवढेच. आधारवर मात्र तेच गृहस्थ ज्ञानोबा बाबाराव आणि पुढे आडनाव. संगणक दोन्ही नावे किती जुळतात ते पाहून गुण देतो. फरक मोठा असला की प्रकरण पडताळणीत अडकते. लिहिण्यातली चूक असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. आधारवरचे नाव चुकले असेल तर ते आधार केंद्रावर सुधारावे. नेमके कुठले चुकले ते आधी ठरवा, नाही तर दोन्हीकडे हेलपाटे होतात.

वडील वारले आणि सातबारा अजून त्यांच्याच नावे असेल तर पुढे काहीच सरकत नाही. वारसनोंद आधी. त्यासाठी १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर जिवंत सातबारा मोहीम झाली. त्यात राहिलेल्यांनी तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज द्यावा. सामाईक खात्यात मात्र भाऊ, बहीण, आई यांचे क्रमांक ज्याचे त्याचे वेगळे निघतात. थोरल्याने काढला म्हणजे घराचे झाले, असे नाही. घरातल्या बायामाणसांच्या नावची जमीन या समजुतीपायी फार ठिकाणी राहून गेली आहे.

आणि मोबाईल. आधारला जो नंबर जोडलेला असेल त्यावरच सांकेतिक आकडे येतात. फडावर गेल्यावर तिकडचे सिम घेतले, जुने बंद पडले, असे दरसाल घडते. कित्येकांनी तर केंद्रचालकाचा नाही तर भाच्याचा नंबर देऊन ठेवला आहे. पूर्वी अनेक खात्यांना अनेक नंबर होते तेव्हा एक बिघडला तरी बाकीची चालत. आता दार एकच म्हटल्यावर चावी परक्याच्या खिशात नको.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सिंदफणेकाठची शिवारे खरडून गेली तेव्हा या क्रमांकाचा उपयोग दिसला. नेहमी मदतीच्या यादीत नाव आल्यावर पुन्हा ई-केवायसीसाठी केंद्रावर अंगठा द्यायला जावे लागे. त्या वेळी शासनाने ॲग्रिस्टॅकमध्ये नोंद असलेल्यांना ई-केवायसीची अट शिथिल केली. चिखलातून वाट काढत केंद्र गाठण्याचा त्रास तेवढ्यांचा तरी वाचला.

नोंदणीला शेतकऱ्याने पैसे द्यायचे नाहीत. केंद्रचालकाचा मोबदला शासन देते. आमचे शेतकी मदतनीस ऊसनोंदीला बांधावर येतील तेव्हा त्यांना सर्व गावांचे आठ-अ दाखवावेत. कुठले खाते जोडायचे राहिले ते ते सांगतील. सांकेतिक आकडे मात्र आमच्या माणसालाही सांगू नयेत.

— ऊस विकास अधिकारी