फाळक्यांनी पाहिलेला ख्रिस्त आणि चर्चचा पडदा

दादासाहेब फाळके यांनी १९१०-११च्या सुमारास मुंबईत ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहिला आणि पडद्यावरच्या ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम-कृष्ण दिसू लागले, ही हकिगत आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. तिच्याभोवती दोन परस्परविरोधी समज घट्ट बसले आहेत. काहींना वाटते, असा चित्रपट म्हणजे मिशनऱ्यांनी धर्मप्रसारासाठी काढलेलाच असणार. इतरांच्या मते कॅथलिक चर्च सिनेमाचे जन्माचे वैरी. चुंबनदृश्य आले की घंटा वाजवून ते कापायला लावणारा ‘सिनेमा पॅराडिसो’ या इटालियन चित्रपटातला पाद्री हेच त्याचे खरे रूप. माझ्या मते युरोपातल्या चर्चने सिनेमासाठी केलेले सर्वांत मोठे काम या दोन्ही समजांतून निसटते. त्याने सिनेमाला नियमित प्रेक्षक आणि बसायला जागा दिली.

ख्रिस्तचरित्रावरचे जे मूकपट त्या काळी जगभर फिरले, त्यांतले सर्वांत गाजलेले पाथे आणि गोमाँ या फ्रेंच व्यापारी कंपन्यांचे होते. गोमाँचा १९०६चा चित्रपट अलीस गी या बाईंनी दिग्दर्शित केला होता. पण व्यापाऱ्याने अशा विषयावर पैसा लावला, कारण गिऱ्हाईक आधीपासून तयार होते. असम्प्शनिस्ट या कॅथलिक संघाची ‘बोन प्रेस’ ही पॅरिसची प्रकाशनसंस्था ‘ला क्रुआ’ हे दैनिक चालवी आणि धर्मग्रामांना (पॅरिशना) जादूच्या कंदिलाच्या काचचित्रांचे संच पुरवी. तिच्यासाठी १८९७मध्ये आल्बेर किर्शनर ऊर्फ लेआर यांनी ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा चित्रपट काढला. याच लेआर यांनी वर्षभर आधी शयनगृहात कपडे उतरवणाऱ्या नववधूचा चित्रपट काढला होता. चर्चला कसबी माणूस हवा होता, त्याचे आधीचे काम आड आले नाही! १९०३पासून ‘बोन प्रेस’ने ‘ल फासिनातर’ हे खास प्रक्षेपणाला वाहिलेले मासिकच सुरू केले, जी.-मिशेल कोइसाक हे त्यामागचे प्रमुख नाव.

हा खटाटोप समजून घ्यायचा तर फ्रान्समधल्या शाळांकडे पाहावे लागते. १८८०च्या दशकात तिथले सरकारी शिक्षण धर्मनिरपेक्ष झाले आणि १९०५मध्ये राज्य व चर्च कायद्याने वेगळे झाले. वर्ग हातचा गेल्यावर मुलांच्या सुट्टीचे गुरुवार-रविवार तरी आपल्या अंगणात जावेत, यासाठी धर्मग्रामांच्या युवक मंडळांनी खेळ, नाटक आणि पडदा यांचा आधार घेतला. धर्मनिरपेक्ष शिक्षणसंघटनाही तोच कंदील घेऊन व्याख्याने देत होत्या, म्हणजे चढाओढ दोन्हीकडून होती. परभणी जिल्ह्यातल्या वालूरसारख्या गावात देवळातले कीर्तन ऐकत वाढलेल्या वाचकाला यातली युक्ती लगेच उमगेल: पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान आणि श्रोता शेवटपर्यंत जागा. पडद्याशेजारी उभे राहून चित्र समजावणारा फादर हेच करत होता. आपल्याकडे कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९०च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’तून काचचित्रांवर पौराणिक कथा दाखवल्या, त्यामागची जाणही हीच होती.

यावर आक्षेप येतो तो बंदीचा. डिसेंबर १९१२मध्ये रोमने चर्चच्या इमारतीत चित्रे व चित्रपट दाखवायला मनाई केली, हे खरेच आहे. पण ती मनाई पवित्र वास्तूपुरती होती, विषय धार्मिक असला तरी लागू होणारी. शेजारच्या सभागृहाला ती नव्हती. पडदा वेदीपासून सभागृहात गेला आणि तिथे विनोदी पट, प्रवासदृश्ये, निसर्गदृश्ये यांनाही वाव मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत अशा धर्मग्रामीय चित्रगृहांची संख्या हजारोंच्या घरात गेली. घंटा वाजवणारा पाद्री त्यातूनच आला: काय दाखवायचे नाही हे ठरवण्याची वेळ पडदा ताब्यात असलेल्यावरच येते.

मग हा सगळा प्रचारच नव्हता का, असे कुणी विचारेल. प्रचार होताच आणि त्यासोबत कात्रीही होती. ती मला मुळीच निर्दोष वाटत नाही. प्रौढ माणसाने काय पाहावे हे फादरने ठरवणे समर्थनीय नाही. तरी नुसत्या प्रवचनावर दर आठवड्याला सभागृह भरत नाही. पोप अकरावे पायस यांचे १९३६चे ‘विजिलान्ती कुरा’ हे पत्र अमेरिकेतल्या चित्रपटशुद्धीच्या मोहिमेची पाठराखण करते, आणि त्याच पत्रात सिनेमाचे शिक्षणसामर्थ्यही मान्य केलेले आहे. आणखी एक गल्लत इथेच निस्तरावी. १९२८मध्ये रोममध्ये निघालेली आंतरराष्ट्रीय शैक्षणिक चित्रपट संस्था व्हॅटिकनची नव्हती. ती राष्ट्रसंघाची होती आणि तिला पैसा मुसोलिनीच्या सरकारचा होता. कॅथलिकांची आंतरराष्ट्रीय चित्रपट संघटना त्याच वर्षी हेगमध्ये वेगळी स्थापन झाली.

फाळक्यांनी यातली एकही संस्था पाहिली नव्हती. त्यांच्यापर्यंत पोहोचली ती तिकीट काढून पाहायची, ओळखीच्या देवकथेवर उभी असलेली करमणूक. शिकवण्याची ओढ मात्र त्यांची स्वतःची होती: ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३मध्ये झळकण्याआधी भांडवलदाराची खात्री पटवायला त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून तिचा चित्रपट केला होता.