मोत्याचे ४२ दात

मोठेपणी तुमच्या तोंडात किती दात असणार? अक्कलदाढा धरून ३२. आणि मोत्याच्या? तब्बल ४२! कुत्र्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा बोळकंच असतं. मग दुधाचे २८ दात येतात आणि सहा-सात महिन्यांत पडूनही जातात. तुम्हाला त्यासाठी बारा वर्षं लागतात! हे पडलेले दात क्वचितच सापडतात, कारण पिल्लू ते खाता खाता गिळून टाकतं. घाबरू नका, त्याला काही होत नाही.

मोत्या मोठ्ठी जांभई देईल तेव्हा बघा. पुढे पटाशीचे इवले दात, शेजारी लांब सुळे. आणि वरच्या जबड्यात, गालाच्या बाजूला, एक थोराड टोकदार दाढ दिसेल. तोंड मिटताना ती खालच्या दाढेला घासून जाते आणि अडकित्त्यात सुपारी कातरावी तसं मांस कातरते.

आता खरी गंमत. कुत्रे काही सकाळी उठून दात घासत नाहीत, तरी त्यांचे दात आपल्याइतके किडत नाहीत. असं कसं? साखर खाऊन जंतू आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात किडतात. कुत्र्याची लाळ आपल्या लाळेपेक्षा जास्त अल्कधर्मी असते, ती या आम्लाचा जोर कमी करते. शाब्बास लाळ!

पण हीच लाळ दुसरीकडे घात करते. दातांवर जंतूंचा चिकट थर बसतो. लाळेतलं कॅल्शियम त्यात साचतं आणि काही दिवसांतच त्याचं दगडासारखं कडक, पिवळट-तपकिरी कीटण होतं. आपल्या त्या थोराड दाढेवर तर ते भराभर चढतं, कारण लाळेची एक मोठी नळी तिच्यासमोरच गालात उघडते. मग हिरड्या सुजतात, रक्त येतं, दात हलू लागतात. ‘कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच’ असं मोठी माणसं म्हणतात ना? ते चूक आहे. घाण वास हे बहुतेक वेळा हिरड्या आजारी असल्याचं लक्षण असतं. आणि मोत्या बिचारा बोलत नाही. फार तर एकाच बाजूने चावतो.

कडक झालेलं कीटण ब्रशने निघत नाही. ते काढायला डॉक्टरांना भूल द्यावी लागते. म्हणून थर मऊ आहे तोवरच, रोज घासायचं. सुरुवातीला बोटाला ओलं मऊ कापड गुंडाळायचं, मग ब्रश. दातांची गालाकडची बाजू घासली तरी पुष्कळ. पेस्ट मात्र प्राण्यांचीच हवी. ती चक्क चिकनच्या चवीची मिळते! आपली पेस्ट अजिबात नको. मोत्याला चूळ भरता येत नाही, तो सगळी गिळतो. शिवाय काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं. त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम घसरते आणि जिवावर बेतू शकतं.

आज आई-बाबांना सोबत घ्या, मोत्या शांत असताना त्याचा ओठ हळूच वर करायला सांगा. हिरड्या लालभडक दिसल्या, तर त्याला पशुवैद्यांकडे न्यायचा हट्टच धरा.