फूल आठ दिवसांचं, कंद वर्षानुवर्षांचा

बागकामाविषयी लोक मला जे प्रश्न विचारतात, त्यांतला एक दर वर्षी जून महिन्यात हमखास येतो. ‘मे फ्लॉवर छान फुललं होतं, आता नुसती पानं उरली आहेत. कुंडी रिकामी करून दुसरं काही लावू का?’ माझं उत्तर ठरलेलं असतं. कुंडी रिकामी करू नका. पुढच्या वर्षीच्या फुलाची तयारी आत्ता कुठे सुरू झाली आहे.

उन्हाळ्यात फुलणाऱ्या कंदांची फुलं अल्पायुषी असतात. मे फ्लॉवरचा तो लालभडक गोळा म्हणजे एक फूल नसतं. शंभर-दोनशे इवल्या फुलांचा तो गुच्छ असतो, आणि आठ-दहा दिवसांत उतरतो. अमरॅलिसची भोंग्यासारखी फुलं साधारण तेवढीच टिकतात. आपला भुईचाफा तर आणखी घाईचा. पानांचा पत्ता नसताना जमिनीतूनच जांभळी-पांढरी, सुवासिक फुलं वर येतात आणि एकेक फूल दिवसभरात मावळतं. पहिल्या सरींबरोबर येणाऱ्या रेन लिलीचंही तसंच. एक-दोन दिवसांचा पाहुणचार. मे फ्लॉवर मूळचं आफ्रिकेतलं, अमरॅलिस आणि रेन लिली अमेरिकेकडच्या. पण आता आपल्या अंगणात त्या अगदी घरच्यासारख्या नांदतात.

एवढ्याशा फुलासाठी वर्षभर कुंडी का अडवायची, असं कुणाला वाटेल. त्यासाठी कंद म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवं. स्वयंपाकघरातला कांदा उभा चिरून पाहा. त्याचे पापुद्रे म्हणजे पानांचेच फुगलेले तळ असतात आणि त्यांत अन्न साठवलेलं असतं. अमरॅलिसच्या कंदाची रचना अशीच आहे. पानं उन्हात अन्न तयार करतात, ते खाली कंदात जमा होतं, आणि त्या शिलकीवर आतल्या आत पुढची कळी घडते. अमरॅलिसमध्ये साधारण चार पानांमागे एक फुलाचा दांडा, असा हिशेब असतो. म्हणजे मे महिन्यात आपण पाहतो ते फूल आदल्या पावसाळ्यातल्या पानांची कमाई असते. पानं कापली, की पुढच्या वर्षीचं फूल आपण आपल्या हातानं कापलं.

म्हणून फूल सुकलं की फक्त त्याचा दांडा कापावा. पानांना हात लावू नये. त्यांच्या वेण्या किंवा गाठीही घालू नयेत. कुंडी रोज तीन-चार तास ऊन मिळेल अशा जागी ठेवावी. जून ते सप्टेंबर दर महिन्याला मूठभर शेणखत किंवा गांडूळखत, आणि मधून एकदा चमचाभर हाडांचा चुरा, एवढं पुरतं. युरियाचा मारा केला तर पानं माजतात आणि फूल रुसतं. पाणी तुंबू देऊ नये. कंद उन्हाळ्यात कोरडे राहून मरत नाहीत, ते पावसाळ्यात कुजून मरतात. तळाचं भोक मोकळं आहे ना, हे पावसापूर्वीच पाहावं.

पावसाळ्यात आणखी एका शत्रूकडे लक्ष हवं. काळ्या अंगावर पांढरे-तांबडे ठिपके असलेली एक अळी लिलीवर्गातल्या झाडांवर येते आणि दोन-चार दिवसांत पानांचा फडशा पाडते. फवारणीची गरज नाही. सकाळ-संध्याकाळ पानांची खालची बाजू पाहून चिमट्यानं अळ्या वेचाव्यात. इथे प्रश्न पानांच्या शोभेचा नाही, पुढच्या मे महिन्याचा आहे.

दिवाळीनंतर मे फ्लॉवरची पानं पिवळी पडू लागतात. तेव्हा घाबरून पाणी वाढवू नये, उलट कमी करावं. पानं आपोआप गळली की पाणी बंद करून कुंडी आडोशाला ठेवून द्यावी. पाणीटंचाईच्या दिवसांत काही महिने काहीच न मागणारं झाड आणखी कोणतं मिळणार? फेब्रुवारीअखेर कंद काढून, भोवतीचे लहान कंद वेगळे करावेत आणि माती, शेणखत व वाळूच्या मिश्रणात पुन्हा लावावेत. अमरॅलिसच्या कंदाची मान मातीच्या वर ठेवावी. कळीचं टोक दिसलं की पाणी सुरू करावं. लहान कंदांना फुलायला दोन-तीन वर्षं लागतात, तेवढा धीर धरावा.

ट्यूलिपच्या कंदांचाही मोह अनेकांना पडतो. त्यांना फुलण्यासाठी काही आठवडे कडक थंडी लागते. श्रीनगरला ते बहरतात, सोलापूर-नागपूरच्या उन्हात दुसऱ्या वर्षी त्यांचं नावही राहत नाही. आपल्या हवेला मानवलेले कंद आपल्याजवळ आहेत, तेच जपावेत.

एक सावधगिरी मात्र आवर्जून सांगतो. मे फ्लॉवर, अमरॅलिस, रेन लिली यांचे कंद विषारी असतात. काढलेले कंद कांदे-लसणाच्या टोपलीजवळ ठेवू नयेत, आणि लहान मुलं, कुत्री-मांजरं यांच्या हाती-तोंडी लागू देऊ नयेत.

शेवटी एक विनंती. हे कंद बहुधा बाजारातून येत नाहीत. ते शेजारणीकडून, मावशीकडून, माहेरच्या परसातून येतात. आता जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत. हिवाळ्यात काम निघालं तर जमिनीवर पानही दिसत नाही, आणि तीन पिढ्यांचे कंद राडारोड्याबरोबर ट्रकमधून जातात. आमच्या आत्यानं वाडा सोडण्याच्या आदल्या पावसाळ्यातच जिथे जिथे पानं होती तिथे खुणेचे खुंटे ठोकून ठेवले होते. थंडीत तिनं त्या जागा खणल्या. निघालेले कंद आज आमच्या चार घरांत फुलतात. तुमचंही घर पाडायचं ठरलं असेल, तर सामान बांधण्यापूर्वी हातात खुरपं घेऊन एकदा अंगणात जरूर जा.