टर्बो इंजिनातील तेलाची गाळणी : 'ऑइल कॅच कॅन'ची जोडणी व निगा

व्यापारी माणसाच्या दारातील मोटार ही आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. सकाळी पेठेत, दुपारी परगावच्या आडत्याकडे आणि सूर्यास्तापूर्वी जेवणास घरी, असा तिचा दिनक्रम असतो. अशा मोटारीच्या इंजिनाची निगा हा धंद्याच्या जमाखर्चाचाच एक भाग होय. नव्या पेट्रोल मोटारींपैकी अनेकींत सांप्रत एक ते दीड लिटरचे लहान, परंतु टर्बोचार्जर बसविलेले इंजिन असते. अशी मोटार घेणाऱ्यास सुट्या भागांच्या दुकानात 'ऑइल कॅच कॅन' नावाचा एक डबा बसविण्याचा आग्रह होतो. हा डबा कशासाठी, तो कोणी घ्यावा, कसा बसवावा आणि बसविल्यावर त्याचे काय करावे, याचे विवेचन येथे योजिले आहे. त्याचे सार आरंभीच सांगावयाचे तर ते असे : हा डबा उपयोगी आहे, परंतु तो वेळच्या वेळी रिकामा करणाऱ्यासच. बसवून विसरून जाणाऱ्याने तो न घेणेच बरे.

टर्बोचार्जरचे कार्य

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळालेल्या वायूत बरीच शक्ती शिल्लक असते. तिच्यावर एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून इंजिनात भरावी, ही टर्बोचार्जरची कल्पना. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी याने तिचे पेटंट १९०५ साली घेतले. विक्रीस आलेल्या प्रवासी मोटारीत ती प्रथम १९६२ साली अमेरिकेत, ओल्ड्समोबिल जेटफायर व शेव्हरले कॉर्व्हेअर या गाड्यांत अवतरली. हवा अधिक भरली की पेट्रोल अधिक जाळता येते. म्हणून लहान इंजिन मोठ्याचे काम करते. दाबल्याने हवा तापते, म्हणून ती इंटरकूलर नावाच्या जाळीतून थंड करून पुढे सोडतात.

परंतु लहान घरात मोठा कारभार चालला की भिंतींवर ताण येतोच. सिलिंडरमधील दाब वाढला म्हणजे त्या दाबाला वाट फुटण्याचा संभवही वाढतो.

तेल हवेत मिसळते कसे

पिस्टनभोवती रिंगा असतात. त्या कितीही चोख बसविल्या तरी सिलिंडरमधील वायूचा थोडा अंश त्यांच्या फटींतून खाली, क्रँक ज्या पोकळीत फिरतो त्या क्रँककेसमध्ये उतरतो. त्यात जळालेला वायू, न जळालेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ असते. खाली तेलाचे सूक्ष्म तुषार उडत असतात. ते या वायूत मिसळतात. हा वायू कोंडला तर दाब वाढून ऑइल सीलमधून तेल गळू लागेल. म्हणून त्याला बाहेर काढणे अपरिहार्य आहे.

पूर्वीच्या मोटारींत तो एका नळीने सरळ रस्त्यावर सोडून देत. त्यातील न जळालेले इंधन शहरांच्या धुरकट हवेस कारणीभूत होते हे ध्यानी आल्यावर, कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या १९६१ च्या नव्या गाड्यांपासून तो पुन्हा इंजिनाच्या हवेत सोडून जाळून टाकण्याची योजना आली. तीच पुढे सर्वत्र रूढ झाली. या कामी बसविलेल्या झडपेला पी. सी. व्ही. व्हॉल्व्ह म्हणतात.

टर्बो इंजिनात या वायूला दोन वाटा असतात, आणि डबा बसविणाऱ्याने त्या दोन्ही ओळखल्या पाहिजेत. मोटार संथ चालली असता इनटेक मॅनिफोल्डमध्ये हवेची ओढ असते; तेव्हा वायू पी. सी. व्ही. व्हॉल्व्हमधून थेट तेथे जातो. घाट चढताना टर्बो हवा दाबू लागला म्हणजे मॅनिफोल्डमध्ये ओढीच्या जागी दाब येतो. तेव्हा एकेरी झडप ती वाट बंद करते आणि वायू दुसऱ्या नळीने टर्बोच्या मुखाशी जातो. तेथून तेलासह तो टर्बोत, इंटरकूलरमध्ये व मग इंजिनात शिरतो. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यास वरचेवर जाणाऱ्याच्या गाडीत ही दुसरी वाट अधिक वापरली जाते, तर गावातल्या गावात फिरणाऱ्याच्या गाडीत पहिली.

त्यापासून हानी कोणती

इंटरकूलरमध्ये तेलाचा थर बसला की हवा थंड करण्याची त्याची शक्ती घटते. तेलाची वाफ पेट्रोलबरोबर जळताना इंधनाचा ऑक्टेन गुण उतरतो, आणि इंजिन ठोकण्याचा संभव वाढतो. परंतु मुख्य हानी होते ती आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवर. जुन्या पद्धतीत पेट्रोलचा फवारा या व्हॉल्व्हच्या पाठीवर पडे व ती धुतली जाई. सांप्रतच्या अनेक टर्बो इंजिनांत, उदाहरणार्थ हुंडाईच्या टर्बो जी. डी. आय. व फोक्सवॅगनच्या टी. एस. आय. इंजिनांत, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडते. मग व्हॉल्व्हची पाठ धुण्यास कोणी उरत नाही. तापलेल्या धातूवर तेल भाजून काळी खपली धरते, हवेची वाट अरुंद होते, आणि सकाळी गाडी सुरू होताना अडखळू लागते. ही खपली काढण्यासाठी मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या जोराने मारावा लागतो. हे काम वेळखाऊ व खर्चाचे आहे.

डबा कोणी घ्यावा

कॅच कॅन हा त्या नळीच्या मार्गात बसविलेला डबा होय. आत शिरताच वायूचा वेग मंदावतो; आडव्या पत्र्यांवर व स्टीलच्या बारीक जाळीवर आपटून तेलाचे थेंब गळतात; कोरडा झालेला वायू पुढे जातो. तथापि सर्वांत सूक्ष्म तुषार निसटतातच, आणि पूर्वी बसलेली खपली या डब्याने निघत नाही.

प्रत्येकाने तो घ्यावा असेही नाही. बहुतेक इंजिनांत कारखान्यानेच तेल वेगळे करणारा कप्पा दिलेला असतो. ज्याचे पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये उडते, किंवा जो दोन-तीन वर्षांत गाडी बदलतो, त्यास या खर्चाचा मोबदला क्वचितच मिळेल. थेट फवाऱ्याचे इंजिन, घाटाचा किंवा जड वाहतुकीचा नित्य प्रवास आणि गाडी दीर्घकाळ ठेवण्याचा निश्चय, हे तीन योग जुळले तर तो अवश्य विचारात घ्यावा.

घेताना झाकण उघडून आत पाहावे. बाजारात कित्येक डबे बाहेरून चकचकीत व आतून रिकामे असतात. ज्यात आडपत्रे नाहीत व जाळीही नाही, तो डबा कितीही स्वस्त असला तरी महागच.

जोडणी

इंजिन पूर्ण थंड असताना काम हाती घ्यावे. मूळ नळी कापू नये. ती उतरवून, चिठ्ठी लावून जपून ठेवावी, म्हणजे केव्हाही पूर्ववत करता येते. डबा टर्बो व एक्झॉस्टच्या तापापासून दूर, समोरून वारा लागेल अशा जागी, अगदी उभा बसवावा. कारण डबा थंड राहिला तरच वाफ त्यात थिजते. तळाच्या तोटीपर्यंत हात सहज पोचला पाहिजे. जी तोटी उघडण्यास अर्धी गाडी खोलावी लागते, ती कोणी उघडत नाही.

नवी नळी मूळ नळीपेक्षा आतून अरुंद नसावी. ती तेल सोसणाऱ्या नायट्राइल किंवा फ्लोरो रबराची, आतून विणीचे बळ दिलेली घ्यावी. पाण्याची साधी रबरी नळी तेलाने मऊ होते आणि हवेच्या ओढीने चपटते. नळीला मध्येच झोळ पडू देऊ नये, त्यात पाणी साचते. डबा गाडीच्या सांगाड्यावर बसविला असेल तर इंजिनाच्या हालचालीपुरती ढील ठेवावी. आत व बाहेर अशा खुणा पाहूनच नळ्या जोडाव्यात. उलट जोडल्यास जाळी निरुपयोगी ठरते. मॅनिफोल्डकडील एकेरी झडप कदापि काढू नये. ती नसेल तर टर्बोचा दाब उलट क्रँककेसमध्ये शिरेल. दोन्ही वाटा राखावयाच्या तर दोन डबे, अथवा त्यासाठीच बनविलेला जोडमुखाचा डबा घ्यावा.

जोडणीनंतर इंजिन सुरू करून सांध्यांपाशी कान द्यावा. शिट्टीसारखा बारीक आवाज आला तर हवा चोरवाटेने आत जात आहे असे समजावे. त्याने इंजिनाची संथ चाल बिघडते व इशाऱ्याचा दिवाही लागतो.

निगा

पहिली तपासणी ५०० किलोमीटरला करावी. पुढे दर १००० ते १५०० किलोमीटरला. पावसाळ्यात व थंडीत त्याहून लवकर पाहावे. डबा अर्धा भरण्यापूर्वीच रिकामा करावा. तो काठोकाठ भरला तर साचलेले सारे एकदम इंजिनात ओढले जाण्याचा धोका असतो. जाळी तुंबली तर क्रँककेसमध्ये दाब चढतो. टर्बोतील तेल केवळ स्वतःच्या भाराने खाली उतरत असल्याने ते तेथेच अडते, आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. ज्या सीलच्या रक्षणासाठी वायूला वाट दिली, तीच सीले मग फुटतात. हिमालयाच्या बाजूस हिवाळ्यात यात्रेस जाणाऱ्यांनी डबा रिकामा करूनच निघावे व वाटेतही पाहत राहावे. आत साचलेले पाणी गोठून वाट बंद होऊ शकते.

इंजिनाचे तेल बदलताना डब्याची जाळी रॉकेलने धुऊन पूर्ण वाळवावी, झाकणाची रबरी चकती तपासावी, आणि नळ्यांना चिरा नाहीत ना हे पाहावे.

डब्यातील हिशेब

मोटारीच्या कागदपत्रांबरोबर एक लहान वही ठेवावी आणि तीत तारीख, किलोमीटर, निघालेले मिलिलिटर व रंग असे चार रकाने करावेत. दूध घातलेल्या कॉफीसारखा रंग म्हणजे तेलात पाणी मिसळले आहे. थंडीत व जवळच्या फेऱ्यांत हे सामान्य होय. इंदूर-ग्वाल्हेरकडील सभासदांना पौष-माघात ते दिसेलच. परंतु रेडिएटरचे पाणीही घटत असेल तर हेड गॅस्केट तपासून घ्यावे. पेट्रोलचा उग्र दर्प सतत येत असेल तर इंधन तेलात उतरत आहे. नेहमीचे प्रमाण अचानक दुप्पट झाले तर प्रथम इंजिनात तेल खुणेपेक्षा अधिक भरले नाही ना ते पाहावे. तसे नसल्यास रिंगांची झीज तपासण्यासाठी कॉम्प्रेशन व लीक-डाउन चाचणी करवावी. एका आकड्याला अर्थ नसतो; मागील पानांशी ताडून पाहिल्यावरच तो बोलू लागतो, हे वही लिहिणाऱ्या समाजास सांगणे नलगे.

कायदा व हमी

काही मेकॅनिक डब्याची पुढची नळी मोकळ्या हवेत सोडून देतात. तसे करू नये. पेट्रोल इंजिनाच्या क्रँककेसचा वायू बाहेर सोडण्यास आपल्या प्रदूषण मानकांत मुभा नाही, आणि रस्त्यावरच्या माणसाने तो श्वासात का घ्यावा, हाही प्रश्न आहेच. वायू डब्यातून पुन्हा इंजिनाकडेच गेला पाहिजे. गाडी हमीच्या मुदतीत असल्यास अधिकृत सेवा केंद्राचे मत लेखी घेऊन मगच डबा बसवावा.

आपल्या घरांत पाणी गाळून घेण्याचा आचार आहे, आणि गाळणातील अंश पुन्हा मूळ विहिरीत पोचविण्याची दक्षताही आहे. तेथे जीवदयेसाठी जे परत द्यावयाचे, ते येथे मात्र परत द्यावयाचे नाही. डब्यातील द्रव पाणी व इंधनाने नासलेला असतो. तो इंजिनात ओतू नये, गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशीही टाकू नये. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांखाली येते. म्हणून ते बंद बाटलीत साठवून गॅरेजमधील जुन्या तेलाच्या पिंपात, अधिकृत संकलनासाठी द्यावे. गाळण्याइतकेच गाळाची नीट व्यवस्था लावणे महत्त्वाचे, हा घरातील नियम बॉनेटखालीही तितकाच खरा आहे. त्यासाठी महिन्यातून पाच मिनिटे देण्याची तयारी असेल, तरच हा डबा घरी आणावा.