पॉइंटच्या कठड्यापलीकडचं महाबळेश्वर

महाबळेश्वरच्या सहलीचा पाढा ठरलेला आहे. सकाळी विल्सन पॉइंट, मग वेण्णा लेक, मध्ये कुठेतरी स्ट्रॉबेरी विथ क्रीम, संध्याकाळी बॉम्बे पॉइंटला जाऊन सूर्य बुडवून यायचा आणि रात्री बाजारात चणे, चिक्की, चपला. दिवाळीच्या सुट्टीत यातला अर्धा वेळ पसरणी घाटातल्या गाड्यांच्या रांगेतच जातो, तो भाग वेगळा.

गंमत अशी की कठड्याला रेलून आपण ज्या दरीचे फोटो काढतो, तिच्यात गावं आहेत, वाडे आहेत, पूल आहेत, लाँचा आहेत, एक मातीची विहीरसुद्धा आहे. साहेबलोकांनी वर उभं राहून पॉइंटांना आपापली नावं देऊन टाकली. आर्थर, केट, विल्सन, एल्फिन्स्टन, सगळे वरच राहिले. आपणही त्यांच्या मागोमाग वरच घुटमळतो. तर या वेळी पॉइंट म्हणजे फक्त नकाशा समजा. तिथून दिसतं ते टिपून घ्या आणि उतरायला लागा.

एका गावाच्या बदल्यात

उतरण्याआधी एक चुटका. जनरल लॉडविक हा गोरा साहेब या डोंगरावर १८२४ साली चढला. त्याचं नाव आजही एका पॉइंटला आहे. पाचेक वर्षांनी कंपनी सरकारनं ही जागा साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून अदलाबदलीत मिळवली आणि तिचं नाव माल्कम पेठ ठेवलं. बदल्यात महाराजांना मिळालं खंडाळा. लोणावळ्याशेजारचं नव्हे हं, पुणे-सातारा रस्त्यावरचं, वाईकडचं. आज महाबळेश्वरात गुंठ्याचा भाव विचारून बघा आणि मग हा सौदा कुणाला कितीला पडला याचा हिशेब मांडा.

केट्स पॉइंटवरून दिसतं ते

केट्स पॉइंटवर सगळे जण नीडल होल उर्फ हत्तीचा माथा बघण्यात गुंग असतात. नजर जरा पुढे टाका. खाली कृष्णेचं खोरं, त्यात धोम धरणाचं पाणी आणि त्या बाजूला सपाट डोक्याचा एक डोंगर. तो कमळगड. उंचीत महाबळेश्वरला फारशी हार न जाणारा, पण हा गड आहे असं सांगितल्याशिवाय पटत नाही. ना धड दरवाजा, ना बुरुजांची माळ.

मग जायचं कशाला? विहिरीसाठी. माथ्यावर जमीन उभी चिरल्यासारखी एक अरुंद फट आहे आणि तिच्यात पन्नासहून जास्त पायऱ्या खोल उतरत जातात. वर ऊन रणरणत असलं तरी खाली गारवा. तळाशी पाण्याऐवजी लाल, ओली माती असते. ही कावेची, म्हणजे गेरूची विहीर. बोट लावलं की तांबडं होतं. भिंतींवर हौशी लोकांनी त्याच मातीनं स्वतःची नावं लिहून ठेवली आहेत. त्यांना कोपरापासून नमस्कार. वासोळे किंवा नांदगणे या गावांकडून चढता येतं. वाट दाट झाडीतून जाते, त्यामुळे गावातला माहीतगार सोबत घेतलेला बरा.

खोऱ्याच्या तोंडाशी वाई, आणि वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा, आत भिंतींवर जुनी चित्रं, मागे कृष्णेचा अर्धचंद्राकृती घाट. हे गाव नानांना १७६८ मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींकडून इनाम मिळालं. वाडा बघून बरेच जण परत फिरतात आणि घाटावरची घंटा बघायचीच राहते. ती चुकवू नका. एका छोट्या दगडी घुमटीत टांगलेल्या या घंटेवर मेरी आणि बाळ येशू आहेत, आणि साल आहे १७०७. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या मुलखात आल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, तशी ही मेणवलीची. शंकराच्या देवळापुढे माता मेरी आणि गावात कुणालाही त्याचं काहीही वाटत नाही.

हा घाट पहिल्यांदा बघतानाही ओळखीचा वाटला तर नवल नाही. ‘स्वदेस’मधला मोहन भार्गव नासा सोडून ज्या चरणपूरला येतो, ते चरणपूर म्हणजे मेणवली. एकूणच वाई परिसराची कमाल आहे. ‘गंगाजल’मध्ये तो बिहार झाला, ‘दबंग’मध्ये उत्तर प्रदेश. बिचारा सातारा जिल्हा पडद्यावर क्वचितच सातारा म्हणून दिसतो.

वाईत थांबलात तर ढोल्या गणपती आहेच. पण मराठी विश्वकोशाचं कार्यालयही इथेच आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्ञानाचा एवढा पसारा मुंबई-पुणं सोडून या कृष्णाकाठच्या गावात बसून उभा केला. आणि धोमच्या महादेवाच्या देवळापुढे नंदी बसलाय तो दगडी कासवाच्या पाठीवर, कमळाच्या आकाराच्या कुंडात. दहा मिनिटांचं काम, पण बघाच.

पुस्तकं आणि मध

पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यापासून आत वळलं की भिलार. मूळचं स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव. वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून कल्पना घेतली, पण तिथे पुस्तकं विकायला आहेत, इथे नुसती वाचायला. घरं, देवळं, शाळा अशा पंचवीस जागांमध्ये पुस्तकं वाटून ठेवली. एका घरी कविता, दुसऱ्या घरी इतिहास, आणखी कुठे चरित्रं. ओसरीवर बसा, हवं ते काढा, वाचा, जागेवर ठेवा. ज्यांच्या घरात एक माणूस मोबाइलला रेंज नाही म्हणून कुरकुरतो आणि दुसऱ्याला नुसतं पडून वाचायचं असतं, त्यांनी पहिल्याला पाचगणीच्या टेबललँडवर घोड्यावर बसवावं आणि दुसऱ्याला भिलारला सोडावं.

मांघर मात्र अजून फारसं कुणाच्या यादीत नाही. महाबळेश्वरपासून आठेक किलोमीटरवरचं हे छोटं गाव १६ मे २०२२ रोजी देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. जंगल भोवती आणि मधपेट्या दारात. इथली माशी सातेरी, म्हणजे पोकळीत एकाशेजारी एक पोळी लावणारी, पेटीत नांदणारी, आग्या मोहोळासारखी उग्र नव्हे. कुठला मोहर चालू आहे त्यावर मधाचा रंग आणि चव ठरते. जांभळाचा मध किंचित कडवट, काळपट. हिरड्याचा वेगळा. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, त्यामुळे कारवीचा मध म्हणजे पर्वणीच. बाजारातल्या बाटलीपेक्षा इथे चार प्रश्न विचारून, चाखून घेतलेला मध बरा.

बॉम्बे पॉइंटला पाठ करून बसू नका

सूर्यास्ताची गर्दी ज्या दिशेला तोंड करून उभी असते, तिथे एक जोडशिखराचा डोंगर दिसतो. घोड्याच्या खोगिराचा आकार बघून इंग्रजांनी त्याला सॅडलबॅक म्हटलं. त्याचं खरं नाव मधुमकरंदगड. पायथ्याला हातलोट, चतुर्बेट, घोणसपूर. घोणसपूरला मल्लिकार्जुनाचं जुनं देऊळ आहे, मुक्काम बहुतेक तिथेच पडतो, आणि देवळासमोरची शांतता महाबळेश्वरच्या कुठल्याही हॉटेलात कितीही पैसे टाकून मिळणार नाही.

त्याच अंगाला, प्रतापगडाच्या पायथ्याशी पार गाव. प्रतापगडावर रोज शेकडो गाड्या जातात, पारला वळणाऱ्या हाताच्या बोटांवर. १६५९ च्या नोव्हेंबरात अफझलखानाची छावणी या पारच्या परिसरात पडली होती. रडतोंडीच्या घाटानं त्याची फौज खाली उतरली. तो घाट महाबळेश्वराहून जावळीत उतरणारा. आज रिकाम्या हातांनी उतरतानाही दम निघतो, मग तंबू, तोफा आणि लवाजमा घेऊन आलेल्यांचं काय झालं असेल!

गावाजवळ कोयनेवर शिवकालीन दगडी कमानींचा पूल आहे आणि तो अजून वापरात आहे. दरवर्षी पावसाळ्यात कुठला तरी नवाकोरा पूल वाहून गेल्याची बातमी वाचणाऱ्यांनी इथे दोन मिनिटं उभं राहावं. गावातल्या श्रीरामवरदायिनीचं दर्शनही घ्यावं.

तापोळा आणि पलीकडे

आता खरा ऐवज. महाबळेश्वरपासून पंचवीसेक किलोमीटर वळणं घेत उतरलं की तापोळा. हॉटेलवाले याला ‘मिनी काश्मीर’ म्हणतात. माझं मत विचाराल तर हे उगीचच. कोयना खोऱ्याला कुणाची मिनी आवृत्ती व्हायची गरज नाही.

समोरचं पाणी म्हणजे शिवसागर, कोयना धरणाचा फुगवटा. धरण पार खाली देशमुखवाडीजवळ, आणि पाणी थेट इथपर्यंत. क्षमता १०५ टीएमसी. या पाण्याची कथा मोठी मजेशीर आहे. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेकडे जाते, हेळवाकजवळ पूर्वेकडे वळते, कऱ्हाडला कृष्णेला भेटते आणि बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागते. पण धरणातलं बरंचसं पाणी बोगद्यांमधून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेलंय, पोफळीकडे वीज करायला. वीज झाली की तेच पाणी वाशिष्ठीत आणि तिथून अरबी समुद्रात. जायचं होतं एका समुद्राला, पोचलं दुसऱ्याच.

या पाण्यानं कित्येक गावं उठवली. माणसं ठाणे, रायगड, सोलापूरपर्यंत पांगली. जे वर सरकून राहिले, त्यांच्यासाठी रस्ता म्हणजे लाँच. दवाखाना, बाजार, लग्नाचं वऱ्हाड, सगळं पाण्यावरून. गाडी पलीकडे न्यायची तर तराफ्यावर चढवायची. तापोळा ते अहीर पुलाचं काम हाती घेतलंय, तेव्हा गाडी तराफ्यावर चढवायची मजा घ्यायची असेल तर फार उशीर करू नका. या भागात ‘नवीन महाबळेश्वर’ करायची सरकारी योजनाही आहे, सुरुवातीच्या आराखड्यात २३५ गावं होती. जुन्याचं काय केलं ते बघून नव्याची थोडी धास्ती वाटते.

तापोळ्याच्या शेजारचं दरे गाव तुम्ही टीव्हीवर ऐकलं असेल. एकनाथ शिंदे यांचं हे मूळ गाव. मुंबईत राजकारण तापलं की वाहिन्यांचे कॅमेरे या शांत खोऱ्याकडे वळतात आणि म्हशी बिचकतात.

पलीकडच्या कांदाटी खोऱ्यात तर आणखीच निवांत. तिथे चकदेव आणि पर्वत नावाचे दोन डोंगर आहेत. चकदेवला चौकेश्वराचं देऊळ, पर्वतला जोम मल्लिकार्जुनाचं. चकदेवहून कोकणात उतरायची पारंपरिक वाट कड्याला लावलेल्या शिड्यांवरून जाते. खालचे लोक देवाला याच वाटेनं येत आले. आपण मात्र आधी खाली वाकून बघतो आणि मग दोर किती मजबूत आहे ते विचारतो. जावळी-पाटणच्या या पट्ट्यातली बरीच कर्ती माणसं मुंबई-नवी मुंबईत माथाडी कामाला, त्यामुळे गावात एरवी म्हातारी माणसंच जास्त. जत्रेला जा, मग खोरं कसं भरतं ते बघा.

आणि वासोटा. बामणोलीला वनखात्याची परवानगी काढा, लाँच ठरवा, दीडेक तास पाण्यावरून जा, मेट इंदवलीला उतरा, आणि घनदाट जंगलातून चढायला लागा. हा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. मुक्कामाला परवानगी नाही, संध्याकाळच्या आत लाँचवर परत. शिवाजी महाराजांनी गडाला व्याघ्रगड नाव दिलं. रस्ता नाही, वस्ती नाही, चहूकडे रान, म्हणून मराठ्यांना हा तुरुंग फार सोयीचा. राजापूरच्या वखारीतले इंग्रज १६६१ मध्ये इथे डांबले होते. दीडशे वर्षांनी, १८१८ मध्ये इंग्रजांनी गड घेतला तेव्हाही आत दोन इंग्रज अधिकारी कैदेत सापडले. त्याच वेळी साताऱ्याच्या छत्रपतींचं कुटुंबही दुसऱ्या बाजीरावानं इथेच ठेवलेलं होतं.

पण वासोट्याची खरी नायिका ताई तेलीण. पंतप्रतिनिधी पेशव्यांच्या कैदेत पडल्यावर या बाईनं गड हातात धरला आणि बापू गोखल्यांसारख्या सेनापतीला काही महिने झुंजवलं. बापूंनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या, तेव्हा कुठे गड पडला. इतिहासाच्या शालेय पुस्तकात तिला जागा का मिळाली नाही, देव जाणे. गडाच्या टोकाला बाबूकडा आहे, अर्धवर्तुळात तुटलेला, थेट कोकणात डोकावणारा. पोटावर झोपून बघा, उभं राहून नको.

कासचं नाव या यादीत नाही, हे लक्षात आलं असेल. जिथली फुलं बघायला ऑनलाइन बुकिंग करावं लागतं, ते ठिकाण कमी माहितीचं कसं म्हणायचं?

कधी जायचं

इथे पावसाचं गणित समजून घेतलं की निम्मं काम झालं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. पाचगणी फक्त अठरा-वीस किलोमीटर पूर्वेला, तिथे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. आणखी खाली वाईला आकडा हजारावरही जात नाही. म्हणजे जुलैत वर धुक्यात स्वतःची चप्पल दिसत नसताना मेणवलीच्या घाटावर आरामात बसता येतं. पावसाळ्यात वाई, मेणवली आणि भिलार. वासोट्याची वाट तेव्हा बंद असते. थंडी सुरू झाली की वासोटा, मकरंदगड, कमळगड. मार्चपुढे मांघर, आणि पाण्यासाठी तापोळा.

शिवाय सर्वात जास्त पावसाचा मान महाबळेश्वरचाच असं समजत असाल, तर कोयनानगरजवळच्या नवजाला जा. कित्येक पावसाळ्यांत ते छोटं गाव महाबळेश्वरला सहज मागे टाकतं. वर ओझर्डे धबधबाही आहे. छत्री नेऊ नका, उलटी होते. रेनकोट न्या.