पोटावर की पायांवर? फॉइलिंग शिकताना पहिली निवड

हवाईतल्या माउई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर वारा आणि लाटा किनाऱ्याला समांतर एकाच दिशेने धावतात. तिथे आज पाण्याला न टेकता, हातभर वरून जाणारे बोर्ड सर्रास दिसतात. सर्फर लेअर्ड हॅमिल्टन आणि त्याच्या साथीदारांनी हवाईतच 2000च्या आसपास जेट-स्कीच्या ओढीवर फॉइल वापरून मोठ्या लाटांवर स्वारी केली. 2016च्या सुमारास सर्फर काई लेनीने उभ्याने वल्हवत हा खेळ लोकांपुढे आणला. आता नवशिक्यापुढे दोन वाटा आहेत: पोटावर झोपून हातांनी लाट पकडायची, म्हणजे प्रोन, किंवा उभं राहून वल्ह्याने पकडायची, म्हणजे सप.

आधी फॉइल काय करतं ते पाहू. बोर्डाखाली साधारण 60 ते 90 सेंटिमीटरचा मास्ट, म्हणजे उभा खांब, असतो. त्याच्या टोकाला आडव्या दांड्यावर पुढे मोठा आणि मागे छोटा पंख असतो. पाण्यातून पुढे जाताना पुढचा पंख बोर्डाला वर उचलतो. ही उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: वेग दुप्पट झाला की उचल चौपट. म्हणूनच लाटेने ढकललं की बोर्ड एकदम वर येतो. त्या क्षणी पुढच्या पायावर भार टाकला नाही, तर पंख पाण्याबाहेर येतो, उचल संपते आणि बोर्ड धाडकन खाली आदळतो.

दोन्ही वाटांमधला खरा फरक याच क्षणाचा आहे.

प्रोनमध्ये बोर्ड छोटा, साधारण 4 ते 5 फुटांचा, 35 ते 50 लिटरचा. लाट मिळाली की हात टेकून एका झटक्यात उभं राहायचं, आणि नेमकं तेव्हाच फॉइल उचलायला लागतं. पुढचा पाय चार बोटं इकडे-तिकडे पडला तरी बोर्डाचं नाक वर जातं किंवा खाली घुसतं. सर्फिंगमध्ये ज्यांचं उठणं अंगवळणी पडलंय त्यांना हे जमतं. इतरांना दोन नव्या गोष्टी एकाच श्वासात कराव्या लागतात.

सपमध्ये तुम्ही आधीच उभे असता, पाय जागेवर असतात, उभं असल्याने येणारी लाट लवकर दिसते आणि वल्ह्यामुळे मऊ, न फुटलेली लाटही पकडता येते. किंमत वेगळ्या जागी मोजावी लागते. बोर्ड मोठा हवा: किलोतल्या आपल्या वजनापेक्षा 20 ते 30 लिटर जास्त, म्हणजे 75 किलोच्या माणसाला 100 लिटरच्या आसपास. तो हवेत जड वाटतो, सावकाश वळतो. फुटणाऱ्या लाटांतून तो बाहेर नेताना फेसाने उलटवला, तर खालचा मास्ट आणि पंख अंगावर येऊ शकतात. शिवाय थांबलेल्या बोर्डावर तोल सांभाळण्यातच आधी दमछाक होते.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. सर्फिंग येत असेल तर प्रोन घ्या. येत नसेल, किंवा उभ्याने वल्हवण्याची सवय असेल, तर सप. गुडघे किंवा पाठ झटक्यात उठू देत नसतील तरीही सपच बरं. मात्र दोन्हींत आधी उड्डाण वेगळं शिका: बोटीमागे कमी, स्थिर वेगात, दोरी धरून. तिथे लाट निवडायची नसते, वल्हवायचं नसतं. पुढच्या पायाने उंची कशी राखायची एवढंच पायांना कळतं, आणि तेच सगळ्यात अवघड असतं.

सुरुवातीला पुढचा पंख मोठा, 1500 चौरस सेंटिमीटर किंवा जास्त, म्हणजे कमी वेगातही उचल मिळते. मास्ट आखूड, म्हणजे पडलात तरी उंची कमी. गुडघा ते कंबरेएवढ्या, सावकाश चालणाऱ्या लाटा पुरतात. पाणी छातीपेक्षा खोल हवं. हेल्मेट आणि धक्का झेलणारं इम्पॅक्ट व्हेस्ट घाला, आणि सर्फर्सच्या गर्दीपासून लांब राहा; पंखाची कड त्वचा कापू शकते. तोल गेला की तो सावरण्याचा हट्ट नको, बोर्डापासून लांब, बाजूला उडी मारा. हे पडणं आधी शिकलात की कुठलीही वाट धरा, पुढचं शिकायला जिवाची धास्ती राहत नाही.