लर्निंग खिशात आहे, पण शेजारी शिकवणारा कुठे?

शेतकरी बंधूंनो, रामनवमीला पोहरादेवीत संत सेवालाल महाराजांच्या दर्शनाला लाखो भाविक येतात. त्याच दिवसांत आपली उन्हाळी नांगरटही चालू असते. एकाच रस्त्यावर यात्रेकरू आणि ट्रॅक्टर. अशा वेळी स्टेअरिंगवर बरेचदा नवशिका पोरगा असतो. विचारले तर उत्तर ठरलेले, "लर्निंग काढलंय ना!"

पण लर्निंग म्हणजे एकट्याने गाडी चालवण्याची मुभा नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ३ प्रमाणे तीन गोष्टी एकत्र लागतात. पहिली, मुदतीतले लर्निंग लायसन्स. ते सहा महिने चालते. दुसरी, त्या वाहनाचे पक्के लायसन्स असलेला शिकवणारा सोबत, आणि तोही गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी बसलेला. तिसरी, पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी 'एल' अक्षर.

शिकवणारा सोबत नसेल तर ते विनापरवाना चालवणेच ठरते. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार कलम १८१ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गाडी हाती देणाऱ्या मालकालाही कलम १८० खाली तेवढीच शिक्षा आहे. पोरगा अठराच्या आतला असून ट्रॅक्टर चालवताना सापडला, तर कलम १९९-अ लागते: पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

विम्याचेही ध्यानात घ्या. शिकाऊ चालकाने नियम ३ पाळावा, ही अट पॉलिसीत असते. ती मोडून अपघात झाला, तर भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल होऊ शकते. मग वावर विकायची पाळी येते.

ही अट उगाच नाही. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. वावरात वळताना ते सोयीचे, पण रस्त्यावर दोन्ही पेडल कडीने जोडावेच लागतात. नवशिका ते विसरतो, एकच ब्रेक दाबतो आणि ट्रॅक्टर उलटतो. मागे भरलेली ट्रॉली असेल तर तिचा रेटा वेगळाच.

तेव्हा अठरा पूर्ण झालेल्या मुलाला आधी आपल्या वावरात, ट्रॉली सोडून शिकवा. परवान्याची सक्ती सार्वजनिक जागेसाठी आहे. पण धुरा ओलांडून पांदणीवर आलात की कायदा लागू झाला. लर्निंगला तीस दिवस झाले की पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी व पोलीस पाटील यांनी ग्रामसभेत ही माहिती जरूर वाचून दाखवावी. पेरणीच्या घाईआधी हे काम उरकून घ्या.